धक्क्यावरची हजेरी

रविवार, ४ ऑगस्ट २०२४
मुलींचं वसतिगृह, जेऊरच्या पुढे, धरणाच्या काठी

अण्णा,

वर 'तीर्थरूप' लिहिणार होते. पण ज्या भावाने सख्ख्या बहिणीचा नंबर ब्लॉक केलाय, त्याला तीर्थरूप म्हणायला लेखणी रेटत नाही. तेव्हा नुसतं अण्णा. रागवायचं तर खुशाल रागाव, नाहीतरी तू तेच करतोयस.

तुझ्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात फोन केला होता. तिथल्या बाई म्हणाल्या, पत्र आमच्याकडे पाठवा, जहाज ज्या बंदरात लागेल तिथल्या एजंटाच्या हाती पोचतं करू. मला हे फार आवडलं. पत्राला ब्लॉक करता येत नाही. शिवाय इथे मोबाइल फक्त रविवारी दोन तास हातात मिळतो, हे तुला मी काय सांगायचं? तूही इथलाच.

तर बातमी अशी, की मी आले. त्याच कॉलेजात, त्याच कोर्सला. तू म्हणाला होतास, "कुठंही जा श्रीदेवी, पण तिथं नको." का म्हणून विचारलं तर फोन ठेवलास. कारण न सांगता नाही म्हणणाऱ्याचं आपल्या घरात आजवर कुणी ऐकलंय का? गल्लीने तर आधीच भंडावून सोडलं होतं. "सोलापूरची पोरगी जहाज चालवणार म्हणं. सिद्धेश्वर तलावात का गं?" अप्पांनी मात्र चिंचोळीला त्यांच्या कारखान्यात पेढे वाटले. मशीनवरच्या माणसांना सांगत सुटले, की एक पोरगा थर्ड ऑफिसर झालाच आहे, आता पोरगीपण होणार. पोरगा सहा वर्षं घरी आलेला नाही, हे त्यांनी सांगितलं नाही.

अव्वाने कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा दिलाय. निघताना म्हणाली, "अण्णाला लिहिशील तर विचार, नीट जेवतो का." मी म्हटलं, विचारून काय उपयोग, तो हो म्हणायच्या आधी घसा खाकरणार. आम्ही दोघी हसलो. आठवतं ना? साय कुणी खाल्ली, अप्पांची सायकल कुणी नेली, काहीही विचारा, आधी तुझं ते बारीक 'अं-ख्खं' आणि मग थाप. तुला स्वतःला ते कधी कळलंच नाही. अव्वा म्हणायची, देवाने ह्याच्या गळ्यातच घंटी बांधलीय.

हसून झाल्यावर अव्वा रडली. तेही लिहिते, लपवत नाही.

इथे सगळ्यांना तुझ्या तुकडीतल्या बसूअण्णाची गोष्ट माहीत आहे. २०१८ साली एक कॅडेट होड्यांचा सराव संपल्यावर, हजेरी झाल्यावर, परवानगी न घेता पुन्हा पाण्यात उतरला आणि बुडाला. पहिल्याच तासाला ती आम्हाला शिस्तीचा धडा म्हणून सांगितली. नाव घेतलं नाही. मी मान खाली घालून बसले. ज्याने मला आपल्या अंगणात सायकल शिकवली, तो इथे धडा झालाय.

त्याची आई, निंगव्वा मावशी, अजून येते. दर संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेला अक्कलकोटाकडून आली की आपल्याकडे टेकतेच. चहा घेते आणि अव्वाला एकच विचारते, "तुमचा गुरुशांत त्याच्या शेजारी हुबा हुता न्हवं? त्या हजेरीला माझा बसू बोलला, तो कसा बोलला? मोठ्यानं, का बारीक आवाजात?" गावात म्हणतात, पोरानं जीव दिला. तिला त्या एका शब्दातून काढायचंय, की तो रडवेला होता की नव्हता. अव्वा सांगते, गुरुशांत आला की विचारते. आणि गुरुशांत येत नाही.

पत्र मिळालं तर उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल.

श्रीदेवी


रविवार, २५ ऑगस्ट

अण्णा,

उत्तर नाही. बरं. मी लिहायची थांबणार नाही, तुला माझा स्वभाव माहीत आहे.

आमची तुकडी चोवीस जणांची. माझा नंबर एकवीस. छातीवर शिवलाय. दर बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी चारला धक्क्यावर जातो. फुगवट्याचं पाणी सध्या धक्क्याच्या दुसऱ्या पायरीला लागलंय. पाण्यात उतरताना मोजणी, वर आल्यावर मोजणी. उदयसिंह सर म्हणतात, जहाजावर जात नाही, धर्म नाही, फक्त मोजणी. एकेकाने आपला नंबर ओरडायचा, सर पॅडवर टिचकी मारणार. मान वर करून बघत नाहीत, ऐकतात आणि टिचकी.

परवा गंमत झाली. नऊ नंबरचा अजिंक्य, मोहोळचा, ताप येऊन खोलीत पडला होता. आजारपणाची चिठ्ठी द्यायची राहिली. आता बोंब होणार म्हणून आम्ही सगळे गप्प. मोजणी सुरू झाली. सेव्हन. एट. आणि मग "नाइनु, सर." टेन. इलेव्हन. शेवटी सर म्हणाले, चोवीस पूर्ण, चला.

संध्याकाळी अजिंक्य गोधडीतून डोकं काढून म्हणाला, "कुणी मारली रे माझी प्रॉक्सी? लई उपकार. त्याला मोहोळला नेऊन मटण खाऊ घालतो." कुणीच पुढे आलं नाही. तू कॅडेट होतास, तूच सांग. मटणाचं नाव काढल्यावर खरा नाही तर खोटा तरी कुणीतरी हात वर करतोच की नाही? एकानेही केला नाही. 

आमच्या तुकडीत कन्नड वळणाचा मुलगा एकही नाही. 'नाइनु' असं ओढून कुणीच बोलत नाही. मी बोलू शकते, पण मी बोलले नव्हते.

इथे रावजी म्हणून होड्यांवरचे मामा आहेत. जेऊरकडचे, मासेमारीतले. तू ओळखत असशीलच. सरांची मोजणी झाली की ते आपली वेगळी करतात. ओळीतून चालत जातात आणि प्रत्येकाच्या खांद्याला हात लावतात. पोरं हसतात. मला गुदगुल्या झाल्या म्हणून मी विचारलं, "मामा, हे कशाला?"

म्हणाले, "पोरी, शेरडं मोजताना आमी हात लावून मोजतो. कानानं मोजू नगंस कदी. कान फसतो."

"आणि हात?"

"हातात एक तर हाय, न्हाय तर न्हाय."

त्या शुक्रवारी त्यांच्या हाताला तेवीसच लागले होते. त्यांनी सरांना सांगितलं. सर म्हणाले, मामा, तुमचं वय झालं.

पाऊस कमी आहे. अभ्यास बरा चाललाय. गाठी मारण्यात मी पहिली आले, म्हणजे अव्वाने वेण्या घालायला लावल्या त्याचं सार्थक झालं.

श्रीदेवी


रविवार, २२ सप्टेंबर

अण्णा,

आज खरं-खरं लिहायचं ठरवून बसले आहे.

मागच्या महिन्याभरात आमच्या तुकडीला चटक लागली. आधी कुणाचा विश्वास बसेना. मग अजिंक्य मुद्दाम गेला नाही, तरी नऊला उत्तर आलं. मग दुसरा गेला नाही, त्याच्याही नंबरला आलं. कोण बोलतं ते दिसत नाही. आवाज ओळीतूनच येतो, पण ज्याच्या शेजारून आला असं वाटावं त्याला विचारलं की तो म्हणतो, पलीकडून आला. मैदानावरच्या कवायतीला येत नाही, वर्गात येत नाही. फक्त धक्क्यावर. आणि फक्त कुणी कमी असेल तेव्हाच.

तुला वाटेल, आम्ही घाबरलो असू. नाही रे. फुकट मिळालं की माणूस घाबरत नाही. पोरांनी त्याचं नाव 'प्रॉक्सीमामा' ठेवलं आणि वर्गाच्या दाराच्या मागे पाळ्या लावल्या, कोणत्या बुधवारी कुणी बुट्टी मारायची त्याच्या. एका वेळी एकच, हा नियम. चार वाजता उकाड्यात तो जाड बॉयलर सूट चढवायचा, त्यापेक्षा झोप बरी.

मीही पाळी लावली. हे मी आत्तापर्यंत लपवलं होतं. ११ तारखेला मी गेले नाही, खोलीत बसून केस धुतले. परत आल्यावर सृष्टी, माझी खोलीतली मैत्रीण, माझ्याशी बोलेना. तिचा नंबर वीस, मोजणीत ती माझ्या आधी बोलते. रात्री जेवताना म्हणाली, "तुझ्या जागेवरून आवाज आला. बाप्याचा आवाज. 'ट्वेंटीवनु, सर.' मुलीच्या नंबरला बाप्या बोलला, तरी सरांनी टिचकी मारली. मी मान वळवून बघितलं, श्रीदेवी. जागा मोकळी होती. फळीवर पाणी सांडलं होतं."

मी म्हटलं, आपण सगळेच ओले असतो.

ती म्हणाली, "आम्ही अजून पाण्यात उतरलो नव्हतो."

मग म्हणाली, "आणि बोलायच्या आधी त्याने घसा खाकरला."

मी जेवण तसंच ठेवलं. पुढच्या बुधवारी, अठरा तारखेला, ज्याची पाळी होती तो आला नाही आणि मी डोळे मिटून, जीव कानात आणून उभी राहिले. ऐकलं. सहा वर्षांनी ऐकलं.

नको. हे मी आज लिहीत नाही.

तू मला फक्त एवढं कळव. बसूअण्णा बोलायच्या आधी घसा खाकरायचा का? नीट आठवून सांग. 'हो' म्हणालास तर मी सुखाने झोपेन. इथल्या पोरांना सांगेन, हा आमच्या ओळखीचा आहे, त्याला त्रास देऊ नका, आणि आपल्या घरून त्याच्या नावाने नारळ फोडायला लावेन. तू फक्त हो म्हण.

श्रीदेवी


रविवार, १३ ऑक्टोबर

गुरुशांत,

काल दसरा झाला. मी कुणाला सोनं दिलं नाही, कुणाचं घेतलं नाही.

बुधवारी उलट्या झालेल्या रबरी तराफ्याचा सराव होता. तुला माहीत आहे. तराफा पालथा पडलेला असतो, एकाने त्याच्या बुडावर चढायचं, पट्टा धरून मागे झोकून द्यायचं, तराफा सुलट होतो आणि क्षणभर आपल्याच अंगावर येतो, मग खालून पोहत बाहेर यायचं. शेवटची पाळी अजिंक्यची होती. त्याने झोकून दिलं, तराफा सुलटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वारा सुटला होता. सर म्हणाले, वर या, मोजणी करा. आम्ही गारठून, जॅकेटांसकट, जसे वर आलो तसे उभे राहिलो. कोण कुठे उभं आहे, कुणी बघितलं नाही. मी टोकाला केस पिळत होते.

सेव्हन. एट.

आणि मग पाण्याकडच्या बाजूने ते बारीक 'अं-ख्खं'.

"नाइनु, सर."

टिचकी. टेन. इलेव्हन. मोजणी पुढे चालली होती. त्या दिवशी कुणाचीच बुट्टीची पाळी नव्हती. दसऱ्याची सुट्टी मिळावी म्हणून सगळे शहाण्यासारखे आले होते. म्हणजे कुणी कमी असायला नको होतं. मग तो कुणासाठी बोलला?

मी ओरडले, "सर, नाइन कुठंय?"

सर पॅडवरून मान न उचलता म्हणाले, "आत्ताच बोललाय की तो."

"तो नाही बोलला सर, ही मोजणी खोटी आहे!"

मी ओळीतून धावत गेले. प्रत्येकाच्या अंगाला हात लावत गेले, ओले खांदे, गार दंड, आकडे मोठ्याने म्हणत. बावीस लागले. मी धरून तेवीस. तेवढ्यात रावजी मामांनी पाण्यात उडी घेतली होती. त्यांनी माझी मोजणी संपायची वाटसुद्धा बघितली नाही.

अजिंक्यच्या जॅकेटचा पट्टा तराफ्याखालच्या दोरात अडकला होता. त्याला वर आणलं तेव्हा ओठ काळेनिळे होते. मामांनी त्याला फळीवर पालथा घातला, सरांनी पाणी काढलं. तो जगला. आता मोहोळला घरी आहे, त्याची आई त्याला अंगणातल्या हौदापाशीही जाऊ देत नाही म्हणे. पण मी ओरडले नसते, तर आम्ही चोवीस पूर्ण म्हणून चहा प्यायला गेलो असतो. सकाळी तो सापडला असता. आणि पुढच्या वर्षीच्या पोरांना पहिल्या तासाला सांगितलं असतं, एक कॅडेट हजेरी झाल्यावर परवानगी न घेता पाण्यात उतरला.

वाचतोयस ना?

त्या संध्याकाळी रावजी मामा माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसले.  आपणहूनच बोलू लागले.

"सा वरसामागं बी आसंच झालं. मोजणी भरली. मी नाव बांधून च्या पीत बसलो. पर मी बघितलं हुतं पोरी. एका पोरानं दोनदा तोंड उघडलं. सोळाला बोलला, सतराला बी बोलला. मला वाटलं, दोस्ताची हजेरी लावतोय, लावंना. पोरं करत्यातच. दुसऱ्या दिशी त्याच नावंखाली पोरगं गावलं, साहेब लोक आलं, कागूद झालं, सतरा हजर हुता म्हणून लिवलं. मला कुणी इचारलं न्हाय. आन मी बी बोललो न्हाय. तवापासनं हात लावून मोजतो."

सोळा नंबर तुझा होता. घरी कपाटात तुझा जुना बॉयलर सूट अजून आहे, छातीवर सोळा शिवलेला.

तो आवाज बसूअण्णाचा नाही. बसूअण्णा बिचारा कधीच काही बोलला नाही, तो तर त्या वेळी होडीखाली होता. तो आवाज तुझा आहे. तू जिवंत आहेस, जेवतोस, जहाज चालवतोस, आणि तुझी ती एक थाप इथे धक्क्यावर मागे राहिली आहे. कुणी कमी दिसलं की धावून येते आणि त्याची जागा भरते.

मी तुला प्रॉक्सीबद्दल बोल लावत नाही. मीही दारामागे माझं नाव लिहिलं होतं. तुला वाटलं असेल, बसू नेहमीसारखा मेसकडे पळाला, गरम पाण्याची बादली धरायला. तू मैत्रीच केलीस. पण दुसऱ्या दिवशी? चौकशीला तू तिथे उभा होतास. 'सतराला मी बोललो' एवढे तीन शब्द होते. ते न बोलून तू बसूअण्णाला बेशिस्त ठरवलंस, आणि गावाने त्याला त्याहून वाईट ठरवलं. त्याची आई सहा वर्षं तुझ्या आवाजावरून आपल्या पोराचं मन ओळखू बघतेय. मोठ्यानं बोलला का बारीक? ह्याचं उत्तर तुला माहीत होतं.

मला तुझी भीती वाटते, अण्णा. आणि तुझी आठवणही येते. दोन्ही एकदमच होतं, त्याला मी काय करू?

निंगव्वा मावशीला खरं सांग. तू नाही सांगितलंस तर संक्रांतीला ती आली की मी सांगणार. ही धमकी आहे, तशीच समज.

श्रीदेवी


रविवार, २४ नोव्हेंबर

अण्णा,

तुझं पाकीट दिवाळीनंतरच्या आठवड्यात आलं. पारादीपचा शिक्का. सहा वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर बघितलं, ते अजून तसंच मुंगीच्या पायाचं आहे.

तू लिहिलंस ते मी इतक्या वेळा वाचलंय, की आता पाठच झालंय. "माझ्या जहाजावरही होतं. पहिल्याच जहाजावर झालं. एक खलाशी इंजिनरूममध्ये अडकला होता आणि वर मोजणी पूर्ण आली. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजतो. आमचा बोसन, खलाशांचा मुकादम, मला पुजारी म्हणतो. मला वाटायचं, ते माझ्याच मागे लागलंय, मी जाईन तिथे येतंय. ते तिथंही राहिलं असेल हे माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणतोय, पण तुला तिथं नको म्हणालो तेव्हा मनात तेच होतं."

हे शेवटचं वाक्य खोडून तू पुन्हा लिहिलंयस, ते दिसतं. कागदावर घसा खाकरता येत नाही, म्हणून खोडावं लागतं.

प्राचार्यांना लिहिलेलं तुझं पत्र मी हाताने नेऊन दिलं. उदयसिंह सर तिथेच होते. ते त्या वेळी इथे नव्हते, तरी त्यांनी पत्र वाचून टोपी काढली. चौकशी पुन्हा उघडणार आहेत. तुझं लायसन्स राहील की जाईल हे तुलाही माहीत नाही, मलाही नाही. अप्पांना मी सांगितलंय. ते म्हणाले, "पेढे वाटायची घाई केली." अव्वाने त्यांना रागे भरलं आणि मग स्वतःच देवासमोर जाऊन बसली.

दारामागची पाळ्यांची यादी आम्हीच फाडली. सर आता पॅड खाली ठेवून हात लावून मोजतात. परवा दहा नंबरवाला दाताच्या डॉक्टरकडे गेला होता, चिठ्ठी देऊन. परत आलेल्या अजिंक्यचं नाइन झालं आणि आम्ही सगळे थांबलो. पाण्याकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. सगळ्यांना आला. पण पुढे आकडा आला नाही. आम्ही वाट बघितली. रावजी मामा पाण्याकडे बघून म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाबा, ऱ्हाऊ दे," आणि त्यांनी डोळे पुसले.

काल मी निंगव्वा मावशीकडे गेले होते.

संक्रांतीपर्यंत मला थांबवेना. सोलापूरला येऊन अक्कलकोटची एसटी धरली, पुढे टमटम. ती भर दुपारी उंबऱ्यात तूर निवडत बसली होती. मला बघून, धाकट्या बहिणीला हाक मारावी तशी म्हणाली, "बा तंगी, बा," आणि आत नेऊन गूळ-पाणी दिलं. तू तिच्यासाठी लिहिलेलं पत्र कन्नडमध्ये होतं, ते बरं केलंस. मला कन्नड अक्षरं लावून वाचावी लागतात, त्यामुळे मी फार हळू वाचत होते, एकेक ओळ.  मावशी निवडलेली तूर पुन्हा सुपात ओतून तीच पुन्हा निवडत होती.

संपल्यावर म्हणाली, "मग त्या हजेरीला माझा बसू काय बोलला?"

"काहीच नाही, मावशी. तो बोललाच नाही. तो तेव्हा पाण्यात अडकला होता."

"म्हंजी सोताहून न्हाई गेला त्यो?"

"नाही."

"माज्यावर रुसून?"

मला कळेना. मग तिने सांगितलं. हे तिने अव्वालाही कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी बसूअण्णाने वसतिगृहाच्या ऑफिसातून फोन केला होता, की मन लागत नाही, दोन दिवस घरी येतो. तिने रागावून म्हटलं होतं, पास झाल्याबिगर तोंड दावू नगंस. तेवढंच शेवटचं बोलणं. सहा वर्षं ती समजत होती, की आपल्या बोलण्यानेच पोरगं हजेरी देऊन परत पाण्यात गेलं.

तिने सूप बाजूला ठेवलं आणि रडली. मी कुणाला असं रडताना बघितलं नाही. मीही रडले. आपण तिच्या घराला काय केलं, अण्णा.

आणि तेव्हा दारात कुणीतरी घसा खाकरला.

मी जागची हलले नाही. मला वाटलं, मलाच ऐकू आलं. पण मावशीने पदराने डोळे पुसत विचारलं, "कोण हाय?" उत्तर नाही. मी उठून बघितलं. बाहेर ऊन होतं, दावणीला शेळी होती, रस्ता पार मारुतीच्या देवळापर्यंत मोकळा होता. उंबऱ्याच्या पायरीवर मात्र पाणी सांडलेलं होतं, दोन पावलं उभी राहावीत एवढं.

मावशीपासून आता काही लपवायचं नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं, धक्क्यावरचा आवाज, अजिंक्य, रावजी मामांचा हात, आणि लहानपणापासूनची तुझी ती घशातली खोड. ती घाबरली नाही. त्या ओल्या पायरीकडे बघत राहिली.

"खोटं बोलायच्या आदी खाकरतो म्हनलीस न्हवं?"

"हो."

"मग आता त्याचं काय खोटं बोलायचं ऱ्हायलंय?"

आम्ही दोघी ऐकत राहिलो. पुढे काही आलं नाही. पाणी उन्हात वाळून गेलं.

निघताना मी तिच्या पाया पडले. तिने माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि तुझ्यासाठी निरोप दिला. तिच्याच शब्दांत लिहिते, एक अक्षर इकडचं तिकडे करत नाही.

"त्याला लिव. म्हनावं, आवाज धाडू नगंस, सोता ये. मी सा वरसं कानानंच ऐकत ऱ्हायले. हितं माज्या उंबऱ्यात येऊन हुबा ऱ्हा, हात लावून बघते. एक तर हाय, म्हनीन."

जहाज कधी लागतंय ते कळव. अक्कलकोटच्या स्टँडवर मी तुझी वाट बघेन.

तुझी तंगी,
श्रीदेवी